दानाचे खेळते भांडवल

मिलर्ड फुलर यांचा जन्म १९३५ सालचा, अमेरिकेतील अलाबामा राज्यातला. कायद्याचे शिक्षण घेत असतानाच त्यांनी सहाध्यायी मॉरिस डीस यांच्या भागीदारीत धंदा आरंभिला. पुढे माँटगोमेरी शहरात दोघांनी वकिलीही केली. परंतु खरी कमाई झाली ती टपालाने पाककृतींची पुस्तके विकून. वयाच्या २९ व्या वर्षी फुलर दशलक्षाधीश झाले. घरासाठी मात्र त्यांना सवड उरली नाही. १९६५ मध्ये पत्नी लिंडा घर सोडून गेल्या. समेट झाला तो सारी संपत्ती दान करून साधे जीवन पत्करण्याच्या निश्चयावर. भागीदारीतील हिस्सा विकून त्यांनी तो निश्चय पाळला.

वकिली सुटली, पेढी सुटली. व्यापारी बुद्धी मात्र सुटली नाही. जॉर्जिया राज्यातील कॉइनोनिया या शेतवसाहतीत, क्लॅरेन्स जॉर्डन यांच्या सहवासात, घरबांधणीची योजना आकारास आली. तिच्यातूनच १९७६ साली ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था उभी राहिली. गरजू कुटुंबाने बांधकामात स्वतः श्रम करावेत, घर नफा न घेता मिळावे, कर्ज बिनव्याजी असावे आणि परत आलेल्या हप्त्यांतून पुढच्या कुटुंबाचे घर बांधले जावे, अशी ही पद्धत. २००६ मध्ये या संस्थेने आपल्या लोणावळ्याजवळही घरे बांधली.

फुलर २००९ मध्ये निवर्तले. खेळत्या भांडवलाचे मोल व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. दानही तसेच खेळते राहिले, तर घेणारा याचक उरत नाही. हप्ता फेडता फेडता तोही दाता होतो.