उंदराचे चाक आणि मुलाची झोप

कोल्हापुरात शाहूपुरी, लक्ष्मीपुरीतील व्यापारी घरांत दिवसाला एक ठरलेली चौकट असते. सूर्यास्तापूर्वी भोजन, मग प्रतिक्रमण, दुकानाचा हिशेब, आणि दहाच्या सुमारास दिवे मालवले जातात. अशा घरातील स्वमग्न मूल रोज रात्री दोन वाजता उठून खेळू लागले की सारी चौकट डळमळते. आई महिनोन्महिने जागते. ‘लाडाने बिघडवले’ हे शब्दही तिलाच ऐकावे लागतात, तेही बहुधा घरातल्याच माणसांकडून.

हा आरोप किती अन्यायाचा आहे, याचा पुरावा काही अंशी उंदरांनी दिला आहे.

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात तेथे, सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका असतो. हे शरीराचे मुख्य घड्याळ. त्यातील काही जनुके प्रथिने घडवतात आणि तीच प्रथिने साठली की त्या जनुकांचे काम थांबवतात. हे चक्र सुमारे २४ तासांत पुरे होते. या यंत्रणेच्या शोधाला २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उंदराचे एखादे जनुक नेमके निकामी करण्याची रीत त्याआधीच सापडली होती. तिला २००७ मध्ये नोबेल लाभले. आता ‘क्रिस्पर’ तंत्राने तेच काम पुष्कळ सोपे झाले आहे.

बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता यांच्या ज्ञात आनुवंशिक कारणांपैकी एक म्हणजे ‘फ्रॅजाइल एक्स’ विकार. त्यात एक विशिष्ट जनुक मुके होते. अमेरिकेतील संशोधकांनी ते जनुक आणि त्याचे एक भावंड-जनुक, दोन्ही नसलेले उंदीर घेतले. हे काम २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. साधा उंदीर अंधार पडला की पिंजऱ्यातील चाकावर धावतो आणि उजेडात निजतो. हे उंदीर मात्र उजेड-अंधाराचा क्रम नियमित असूनही वेळी-अवेळी धावत राहिले. मेंदूतील मुख्य घड्याळाची जनुके नीट चालताना दिसली. यकृतातील घड्याळाची लय मात्र बदललेली होती. म्हणजे पेढीवरचे घड्याळ बरोबर, पण गोदामातल्या कामाचा त्याच्याशी मेळ नाही. प्रत्येक स्वमग्न मुलाचे कारण हेच असते असे नव्हे. परंतु निद्रेची घडी जनुकांतूनच विस्कटू शकते, आणि तेथे लाडाचा संबंध नसतो, एवढे यावरून कळते.

याची किंमतही स्पष्ट सांगितली पाहिजे. यकृत आणि मेंदू तपासायचे तर उंदीर मारावा लागतो. उंदीर पंचेंद्रिय जीव आहे. पांजरपोळीला दरवर्षी देणगी देणाऱ्या घराला हे वाचून अस्वस्थ वाटावे, यात नवल नाही. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अशा प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे आणि संस्थेच्या नीतिसमितीच्या संमतीवाचून प्रयोग करता येत नाही. नव्या औषधांच्या नियमांत २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन मानवी पेशींवरील चाचण्यांनाही वाट मोकळी झाली. तरीही उंदरांचा वापर थांबलेला नाही.

शिवाय उंदीर सारेच सांगू शकत नाही. तो निशाचर आहे. प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या काळ्या उंदरांच्या जातीत तर मेलाटोनिन हे रात्रीचे संप्रेरक जवळजवळ तयारच होत नाही. ‘स्मिथ-मॅजेनिस’ या दुर्मीळ विकाराच्या मुलांत हेच संप्रेरक रात्रीऐवजी दिवसा वाढते. हे उमगले ते त्या मुलांच्याच रक्त-लघवीच्या तपासणीतून.

भारतातील एक जुना प्रयोग येथे आठवण्याजोगा आहे. मदुराईजवळ समणर मलै नावाची टेकडी आहे. समणर म्हणजे श्रमण, जैन मुनी. तीर्थंकरांच्या कोरीव मूर्ती आजही तेथे आहेत. १९७० च्या दशकात प्रा. एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील गुहेतील वटवाघळांचा अभ्यास केला. सूर्यप्रकाश पोहोचत नाही अशा खोल जागी त्यांनी काही वटवाघळे पिंजऱ्यात ठेवली. बंदिवास होताच, पण नोंद घ्यायची होती ती केवळ हालचालींची. भोवतालचे थवे ज्या वेळी गुहेबाहेर जात, त्याच वेळी ही बंदिस्त वटवाघळेही जागी होत. एकटे ठेवलेल्याची वेळ मात्र हळूहळू सरकत जाई. सोबत्यांची ये-जा हेच त्यांचे घड्याळ होते.

माणसाच्या मुलाला वटवाघळाचा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. तरी सकाळी अंगणातले ऊन, रोज त्याच वेळी जेवण, आणि दिवेलागणीनंतर मंद दिवे व मोबाइल बंद, एवढे घराला करता येते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरात त्याची निम्मी तयारी आधीच असते. मेलाटोनिनची गोळी मात्र डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत आणि ठरवलेल्या वेळीच द्यावी; शेजारच्या मुलाला लागू पडली म्हणून आणू नये. आणि रात्री दोनची पाळी वडील, आजी, काका यांनी वाटून घेतली, तर आईला आठवड्यातून निदान तीन-चार रात्री सलग झोप मिळेल.