बिचारं शॉर्ट सर्किट!

कुठेही आग लागली की दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेलं वाक्य असतं, 'आग शॉर्ट सर्किटमुळे लागल्याचे समजते.' कुणाला समजते, कसे समजते, देव जाणे! शॉर्ट सर्किटला कोणी जाब विचारत नाही, त्यामुळे हे कारण सगळ्यांच्याच सोयीचं. पण मित्रांनो, इंजिनिअरिंगच्या पोरांनी तरी हे वाक्य असंच गिळू नये. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, मराठीत कुठे स्पार्किंग झालं तर सांभाळून घ्या.)

शॉर्ट सर्किट म्हणजे मध्ये लोड न येता फेज आणि न्यूट्रलची थेट गाठ पडणं. समजा मेन बोर्ड रूमपासून वीस मीटरवर आहे. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, जाऊन-येऊन चाळीस मीटर, रेझिस्टन्स जेमतेम अर्धा ओहम. 230 भागिले अर्धा, म्हणजे 460 अँपिअर! एवढ्या करंटला 16 अँपिअरची धडधाकट एमसीबी डोळ्याचं पातं लवायच्या आत पडते. फट् आवाज, अंधार आणि फ्लोअरभर आरडाओरडा. म्हणजे हे संकट निदान ओरडून तरी येतं.

न ओरडणारी संकटं वेगळीच. हीटरच्या रॉडचा प्लग तुटला की आपण काय करतो? उघड्या वायरी सॉकेटमध्ये खुपसतो आणि वर काडेपेटीच्या काड्या ठोकतो. 1500 वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो. त्या ढिल्या जोडावर एकच ओहम रेझिस्टन्स आला, तरी तिथे सुमारे 40 वॅट उष्णता तयार होते. लॅबमधलं साधं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं! करंट मात्र नॉर्मल, त्यामुळे एमसीबीला पत्ताच नाही. सॉकेट तपकिरी पडतं, जळका वास येतो, आपण म्हणतो मेसमध्ये पोळी करपली. शेवटी इन्सुलेशन वितळतं, दोन वायरी चिकटतात आणि तेव्हा कुठे शॉर्ट सर्किट होतं. पेपरात नाव त्याचंच!

दुसरा प्रकार त्याहून वाईट. एका लाईनवर चार रॉड म्हणजे 26 अँपिअर. 16 ची एमसीबी काही मिनिटांत पडते, आणि पडायलाच हवी. पण आपले हुशार लोक तिथे 32 ची बसवतात. वायर तीच, भिंतीतली. आता एमसीबी शांत आणि वायर गरम.

आणि एमसीबी आहे म्हणून शॉक लागून मरणार नाही, असं समजू नका. माणसाचा जीव जायला एक अँपिअरचा दहावा भागही पुरतो, 16 च्या एमसीबीला तो जाणवतसुद्धा नाही. त्यासाठी 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी लागते.

रेक्टर सरांना एक विनंती. दर सेमिस्टरला रॉड जप्त होतात, आठवड्यात नवे येतात. सोलरचं पाणी सातला संपत असेल तर दुसरं काय होणार? गरम पाणी नऊपर्यंत द्या, फ्लोअरला एक आरसीसीबी बसवा आणि वायरमनकडून सगळी सॉकेट तपासून घ्या. जप्तीपेक्षा हे नक्कीच उपयोगाचं.

आणि विंगमधल्या मित्रांनो, वर्गणी काढून बसवलेली ती 32 ची एमसीबी अजून तिथेच आहे. जुनी 16 ची बोर्डावरच ठेवली आहे.