मागचं सगळं धूसर कशाला?

५० एमएम एफ १.८ ही लेन्स म्हणजे नवा कॅमेरा घेतलेल्या बहुतेकांची पुढची खरेदी. स्वस्त, हलकी आणि पहिल्याच क्लिकला मागचं सगळं लोण्यासारखं विरघळवणारी! त्यात २०१६ साली आयफोन ७ प्लसला पोर्ट्रेट मोड आला आणि हाच धूसरपणा सॉफ्टवेअरमधूनही मिळू लागला. आता पार्श्वभूमी धूसर म्हणजे फोटो 'प्रोफेशनल' असं समीकरणच झालंय. मला काही ते पटत नाही.

आधी थोडं गणित. एफचा आकडा म्हणजे फोकल लेंथ भागिले छिद्राचा व्यास. म्हणून आकडा लहान, तर छिद्र मोठं. एपीएस-सी सेन्सरवर ही लेन्स लावून दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो एफ १.८ला काढला, तर जेमतेम ११ सेंटिमीटरचा पट्टा शार्प येतो. एफ ८ला तोच पट्टा अर्ध्या मीटरच्या आसपास जातो आणि मागच्या वस्तूही बऱ्यापैकी ओळखू येतात. बदल्यात प्रकाश सुमारे वीसपट कमी, म्हणजे शटर १/१००० वरून थेट १/५०वर. माणसाला खिडकीजवळ बसवायचं, आयएसओ थोडा वाढवायचा, जमतं.

मागच्या दिवाळीत गावी आजीचे असे दोन्ही फोटो काढले. एफ १.८चा सगळ्यांना आवडला, लाइक्सही त्यालाच. बाबा मात्र एफ ८च्या फोटोवरच अडकले. "ती फळी बघ, तिच्यावर रेडिओ असायचा." मग खुंटी, मग कोनाडा. ते घर यंदा पाडायचंय. पहिल्या फोटोत त्या जागी नुसता तपकिरी ढग आहे.

धूसर म्हणजेच कलात्मक, हा समज जुनाच. त्याविरुद्ध १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे मंडळींनी 'ग्रुप एफ/६४' काढला. गटाचं नावच मुळी बारीक छिद्रावरून!

लग्नाच्या हॉलमध्ये नवरीमागे खुर्च्यांचा ढीग असेल, तर खुशाल एफ १.८ लावा. पण ते डीफॉल्ट सेटिंग नको. या वीकेंडला घरातल्याच कुणाचे तरी एकाच जागेवरून १.८, ४ आणि ८ असे तीन फोटो काढा. आणि तिन्ही ठेवा, एकही डिलीट करू नका.