पंडितेचं सोपं मराठी

मुलांनो, वर्गात एखाद्याचं उत्तर चुकलं की कुणीतरी हुशार फिदीफिदी हसतोच. "एवढंही येत नाही?" आज अशा एका विदुषीची गोष्ट सांगते, जिला विद्वत्तेचा तोरा सहज मिरवता आला असता.

१८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी विशीतल्या रमाबाईंचं संस्कृत ऐकलं आणि त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या! १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे पुण्याजवळ केडगावला त्यांनी 'मुक्ती सदन' उभारलं. विधवा, अनाथ, दुष्काळात होरपळलेल्या मुलींना तिथं आसरा मिळाला.

यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. बायबलचं तेव्हाचं मराठी त्यांना जड जाई. 'अडाणी बायकांना काय कळणार!' असं रमाबाई म्हणाल्या का? छे! त्या स्वतःच विद्यार्थिनी झाल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्यासोप्या मराठीत बायबलचा नवा अनुवाद करायला बसल्या. १९२२ मध्ये त्या वारल्या. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी याच कामाला दिली.

शिष्यांचे पाय धुणाऱ्या येशूवर त्यांची श्रद्धा होती. गुरूच वाकला, तर पंडितेनं ताठ का राहावं?

श्रद्धा म्हणजे डोकं गहाण ठेवणं नव्हे हं! धर्माच्या बाबतीत रमाबाई भल्याभल्यांना प्रश्न विचारत. पण त्यांच्या विद्येनं कुणाला खाली पाहायला लावलं नाही.

उद्या शेजारच्या बाकावरच्याला गणित अडलं, तर हसू नका. त्याला कळेल असं सांगून बघा. त्याला कळलं, की तुमची हुशारी पास!