छातीत कळ आली, तर आधी ईसीजी



या पानावर आम्ही बेणे, खत, पाणी यांबद्दल लिहितो. आजचा विषय वेगळा असला तरी तोही वेळेचाच आहे. तुटलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडला नाही तर वजन घटते अन् उताराही, हे आम्ही दर हंगामात सांगतो. हृदयाचा रक्तपुरवठा तुटला, तर हिशेब मिनिटांचा असतो.

आपल्याकडे होते काय? छातीत दुखले की घरचे म्हणतात, ‘पित्त झालंय.’ दवाखान्यात गेले तर तिथेही पुष्कळदा पित्ताचे इंजेक्शन देऊन घरी धाडतात. 2001 ते 2005 या काळात देशातील 89 रुग्णालयांत हृदयविकाराच्या वीस हजारांवर रोग्यांची पाहणी झाली. तीव्र झटका आलेल्यांपैकी निम्म्यांना रुग्णालय गाठायला सहा तास वा अधिक लागले होते. इतक्या उशिरा आलेल्या माणसाची दारात पुन्हा खोटी व्हावी काय?

ऊस पिवळा दिसला तर हुमणी लागली की केवडा पडला, हे मुळाशी उकरून पाहिल्याशिवाय आपण औषध सोडत नाही. मग माणसाच्या बाबतीत अंदाजावर का चालवावे? छातीत दुखणारा रोगी आला की 10 मिनिटांत ईसीजी निघावा, ही वैद्यकशास्त्राची शिस्त आहे. नंबर, केसपेपर, पैसे मागाहून. शिवाय पहिला ईसीजी साफ आला म्हणजे सुटलो, असेही नाही. दुखणे चालूच असेल तर थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी काढावा, आणि रक्ताची ट्रोपोनिन तपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा व्हावी. बायामाणसांना आणि मधुमेह्यांना कधी छातीत दुखतही नाही. नुसता घाम, दम, मळमळ, नाहीतर जबड्यात कळ. त्यांनाही हाच नियम लावावा.

तज्ज्ञ नाहीत, ही सबब आता पुरत नाही. राज्याच्या आरोग्य खात्याने 2021 साली ‘स्टेमी’ प्रकल्प सुरू केला. त्यात लहान रुग्णालयातला ईसीजी दूरच्या तज्ज्ञाकडे जातो आणि काही मिनिटांत निदान कळते. जालन्याहून छत्रपती संभाजीनगर साठेक किलोमीटर. खेड्यातून आणखी लांब. दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या रुग्णालयातच देता येते. पण ते निदान झाल्यावर!

आमचे मागणे दोन ठिकाणी आहे. संचालक मंडळाने कारखान्याच्या दवाखान्यात ईसीजी यंत्र अन् ते चालवणारा माणूस रात्रपाळीलाही ठेवावा. हंगामात ऊसतोड मजुरांच्या तळावर 108 क्रमांकाची पाटी लावावी. आणि सभासदांनी मोटारसायकलवर रोगी बसवू नये, 108 ची गाडी बोलवावी. रुग्णालयात पोचल्यावर भीड न धरता विचारावे, ‘डॉक्टरसाहेब, ईसीजी काढला का? परत कधी काढणार?’ काट्यावर आपण वजन विचारतोच ना? इथेही विचारायचे.