खंड थकला म्हणून जमीन सुटत नाही

मालवण किनाऱ्यावरचे भातपीक पावसाच्या आणि समुद्राच्या मर्जीवर उभे असते. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळाच्या पावसाने कापणीस आलेले भात शेतातच आडवे झाले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने माडांच्या बागा मोडल्या. अशा वर्षी कुळाच्या घरात पोटापुरतेही धान्य उरत नाही, मग मालकाचा खंड कोठून द्यावा? आणि मालकाने दारात येऊन 'जमीन सोड' म्हणताच आपल्यापैकी काहीजण मान खाली घालून बांधावरून उतरतात. हे उतरणे कायद्याने लादलेले नाही. ते जुन्या भीतीने लादलेले आहे.

ही भीती खोतीच्या काळची. खोताने सरकारात ठराविक सारा भरावा आणि कुळाकडून अर्धेलीने धान्य न्यावे, वर वेठही घ्यावी, असा तो व्यवहार होता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. महार आणि कुणबी कुळे त्यात एकत्र चालली होती, हे विसरण्याजोगे नाही. तिकडे अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे कुळांनी जमीन कसण्याचे नाकारले व उपासमार सोसली. १९३९ चा कूळकायदा, १९४८ चा त्याहून व्यापक कायदा आणि १९४९ चा खोती नष्ट करणारा कायदा या साऱ्यांमागे हे कष्ट आहेत.

१९४८ चा तो कायदा आजही महाराष्ट्रात चालू आहे. खंड थकला तरी मालकाला स्वतःच्या हाताने जमीन घेता येत नाही. कलम २९ प्रमाणे त्याने तहसीलदाराकडे अर्ज केला पाहिजे. कलम २५ प्रमाणे तहसीलदार कुळाला थकबाकी व खर्च भरण्यास १५ दिवसांची मुदत देतो. रक्कम भरली की कूळवहिवाट कायम. पीक बुडाल्यामुळे खंड देता आला नाही असे त्याला पटले, तर तो कारणे नोंदवून एक वर्षाची मुदत देऊ शकतो. मात्र तीन वर्षे खंड चुकला असेल, आणि प्रत्येक वेळी मालकाने तीन महिन्यांच्या आत तशी सूचना दिली असेल, तर हे संरक्षण मिळत नाही. सबब आलेली सूचना चुलीत घालू नका. तारखेसह जपून ठेवा. सरकारने शेतसारा तहकूब किंवा माफ केला तर कलम १३ प्रमाणे खंडही त्या प्रमाणात तहकूब वा माफ करणे मालकावर बंधनकारक आहे.

पावती मागणे म्हणजे मालकाचा अपमान, असे अजूनही काही वडीलधारी मंडळी समजतात. वास्तविक पावती देणे हे कलम २६ प्रमाणे मालकाचे कर्तव्य आहे. मग संकोच कोणी करावा? तसेच जमीन 'राजीखुशीने सोडली' असे तोंडी बोलणे कायद्याच्या दृष्टीने पोकळ आहे. राजीनामा लेखी हवा आणि तहसीलदाराने तो पडताळलेला हवा. कोऱ्या कागदावर अंगठा मात्र कदापि देऊ नका.

घराची गोष्ट याहून नाजूक. मालकाच्या जागेवर आपल्या पूर्वजांनी स्वखर्चाने घर बांधले असेल, तर केवळ जागा त्याची आहे म्हणून घराबाहेर काढता येत नाही. कलम १६ चे हे रक्षण शेतमजुरांच्या आणि कारागिरांच्या घरांनाही आहे. मालक ती जागा विकू लागला तर खरेदीचा पहिला हक्क तेथे राहणाऱ्याचा.

१ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी असंख्य कुळे कायद्याने मालक झाली. ज्यांचा मालक विधवा किंवा अज्ञान होता त्यांची खरेदी लांबली. सूट मिळालेल्या देवस्थान जमिनींवरील कुळांना खरेदीचा हक्कच नाही. तेथे कलम २५ चा आधार मिळत नाही, परंतु खंडाची कायदेशीर मर्यादा आणि कलम १३ ची तहकुबी लागू आहे. अशा घरांनी तलाठ्याकडून सातबारा काढून 'इतर अधिकार' या रकान्यात आपले नाव आहे की नाही, ते भातकापणीपूर्वीच पाहून घ्यावे.