भिंग बदलता येते, बाहुली नाही

दिवाळीच्या मेळाव्यात फटाके उडवणाऱ्यांनी आणि जवळून पाहणाऱ्या मुलांनी संरक्षक चष्मा घातलाच पाहिजे, असा नियम आपल्या मंडळाने करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. यावर काही सभासद म्हणतात, "हल्ली डोळ्यात नवे भिंग बसवतात, एवढे काय घाबरायचे?" त्यांच्यासाठी हा लेखप्रपंच.

कृत्रिम भिंगाचा जन्म इथे, इंग्लंडातच झाला. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पर्स्पेक्सच्या कपच्या शिरल्या, पण डोळ्यांनी त्या निमूट सहन केल्या. डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी हे हेरले आणि १९४९ साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग मोतीबिंदूच्या रुग्णाला बसवले. आम्हा रसायनशास्त्राच्या मंडळींना याचे कौतुक आहेच.

परंतु उतारवयातला मोतीबिंदू वेगळा आणि मार लागलेला डोळा वेगळा. मोतीबिंदूत भिंगाची पिशवी सहसा शाबूत असते, नवे भिंग तिच्यात बसते. बाण किंवा चेंडू आदळला तर ती पिशवीच फाटू शकते. मग भिंग डोळ्याच्या पांढऱ्या भागाला किंवा रंगीत पडद्याला अडकवावे लागते. बाहुली आवळणारा स्नायू फाटला तर ती विस्फारलेलीच राहते आणि ऊन किंवा मोटारींचे दिवे सहन होत नाहीत. केसाहून बारीक पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्याने टाके घालून तिला पुन्हा गोल करता येते, पण शिवलेली बाहुली उजेडाप्रमाणे पूर्वीसारखी लहानमोठी होत नाही. नवे भिंगही जवळचे-लांबचे आपोआप जुळवून घेत नाही, त्यामुळे दहा वर्षांच्या मुलालाही वाचायला चष्मा लागतो. मागचा पडदा किंवा नस दुखावली असेल, तर उत्तम भिंगही गेलेली दृष्टी परत देत नाही. डोळ्यातला दाब तर कित्येक वर्षांनीही वाढू शकतो, म्हणून तपासणी कायमची.

एवढे करूनही अपघात झालाच, तर डोळा चोळू नये, धुऊ नये, रुतलेले काही काढू नये. तूप, मध, गुलाबपाणी घालू नये. कागदी पेला डोळ्यावर न दाबता उपडा धरून तडक इस्पितळ गाठावे. रसायन उडाले असेल तर मात्र आधी भरपूर पाण्याने डोळा धूत राहावे.

कार्यकारिणीने पॉलिकार्बोनेटच्या चष्म्यांची एक पेटी विकत घ्यावी. वर्षभर ती बॅडमिंटन आणि स्क्वॉश खेळणाऱ्यांच्याही उपयोगी पडेल. फराळाच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. पुढच्या सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. सभासदांनी पाठिंबा द्यावा, ही विनंती.